गळती

ओटानिएमीत आज उणे सव्वीस.
खाडी गोठलीय. तिच्यावर कुणीतरी सायकल नेलीय,
एकच माग, मध्येच वळून परत आलेला.
आमच्या यंत्राच्या हिशेबानं ही भट्टीच.

तळघरात हेलियम उतरतंय पायरी पायरीनं.
चार केल्विनला उकळतं, खदखदतं,
तीनला तेच,
आणि दोनच्या जरासं वर
एकदम गप्प. एकही बुडबुडा नाही.
वर्गात कुणी मोठं माणूस शिरावं तसं.

तिथून पुढे ते ओळख दाखवत नाही.
पेल्याच्या भिंतीवर चढतं, काठ ओलांडतं,
बाहेरून थेंब थेंब खाली येतं.
हवेलाही न सापडलेल्या फटीतून
अंग न घासता निघून जातं.

तीन आठवडे हेच.
गार केलं की गळतं.
ऊब देऊन, उघडून, भिंग घेऊन बसलं
की गळती नाही. सगळे सांधे साळसूद.
पिर्क्को म्हणाली, आमच्या घरची भांडणं अशीच.

शेवटी तौनो हिरवेलाला बोलावलं.
निवृत्त होऊन अकरा वर्षं. नमद्याचे बूट.
टोपी काढली नाही. पात्र मांडीवर घेतलं
आणि अंगठ्याचं नख एकेका सांध्यावरून नेत राहिला.

शांतता मला सोसवत नाही, म्हणून मीच बोलत सुटले:
पाण्याचं भांडं फिरवलं की पाणी फिरतं,
हे नाही फिरत. वेग वाढवा, तरी ढिम्म.
मग कधीतरी एक भोवरा. पुरा एक.
या द्रवात अर्धा नसतो, पाव नसतो.
मग दुसरा. बोटांवर मोजावेत इतके सुटे.

तौनोनं मान हलवली नाही.
कॉफी संपवली. कप पालथा घातला.
चाळीस मिनिटं.

मग नख थांबलं.
"हा माझाच. अठ्ठ्याऐंशीचा.
त्या दिवशी मला लवकर घरी जायचं होतं."

का, ते कुणी विचारलं नाही.
त्यानं चांदीचा डाक मागितला, ज्योत बारीक केली,
आणि निळ्या उजेडात त्याची टोपी
पहिल्यांदा जरा मागे सरकली.

गुरुवारी पुन्हा गार केलं.
बुडबुडे थांबले.
आम्ही काट्याकडे बघत उभे, कोट घातलेलेच.
काटा शून्यावर. तासाभरानंही शून्यावर.

त्याला फोन लावला, सांगितलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग एक "हं."
पुरा एक.