नेम

आजोबांच्या कामाला एरस्तालमध्ये मान होता:
बंदुकीची नळी सरळ करायची.
नळी खिडकीकडे धरायची, एक डोळा मिटायचा,
आत उजेडाच्या कड्यांत कड्या,
आणि एक सावली, केसाएवढी.
सावली मोडली की नळी वाकडी.
मग हातोडीचा एक ठोका. कधी दोन.
एकेचाळीस वर्षं. घरातलं चित्र मात्र
त्यांना कधी सरळ टांगता आलं नाही.

त्याच फाटकातून मी आत जाते, नऊ वाजता, बिल्ला दाखवून.
माझ्या टेबलावर तेलाचा डाग नाही.
नव्या रायफलीच्या दुर्बिणीत एक संगणक बसतो.
वारा, उतार, श्वास, समोरच्याची चाल,
सगळं तोच बघतो.
शिपायानं चाप दाबून धरायचा, बस.
गोळी कधी सुटेल ते बंदूक ठरवते.
माणूस रेषेत येणं आणि गोळी सुटणं
यांतला वेळ मी कमी करते.
मेमध्ये अकरा मिलिसेकंद वाचले
तेव्हा केक कापला होता.

रविवारी तूसाँ आजोबांकडे जेवायला.
खिम्याचे गोळे, सफरचंदाच्या पाकात.
त्यांनी पेकेचा पेला भरला आणि विचारलं,
"दाबलेलं बोट त्यानं उचललं तर?"
तर रद्द, मी म्हटलं.
"आणि उचलायला वेळ किती?"
मी नॅपकिनवर आकडा लिहिला.
त्यांनी चष्मा शोधला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

मग म्हणाले, अठ्ठावन्नची गोष्ट,
कोलोनजवळ छावणी, पहारा, धुकं.
कुंपणाशी कुणीतरी कोळसा चोरत होता.
नेम धरला होता. बोट चापावर होतं.
"मग?"
"शिंक आली."
"आणि?"
"पळाला. पोतं घेऊन पळाला, हरामखोर."
हसता हसता त्यांना ठसका लागला.
"माझा काय, माणसाचाच काही नेम नसतो, माएल."

भांडी विसळताना मी सांगून टाकलं
की शिंकेचा धक्का आम्ही वजा करतो.
खांदा कितीही हलू दे,
रेषेत आला की गोळी सुटते.
ते काही बोलले नाहीत.
संपलेल्या कागदी रुमालाची पुठ्ठ्याची नळी घेतली,
खिडकीकडे धरली,
बराच वेळ एक डोळा मिटून उभे राहिले.

सोमवारी ती ओळ शोधली.
दोन वर्षांपूर्वीची, मार्चमधली, रात्री पावणेबाराची.
खाली माझंच नाव.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
कुठेच माशी शिंकलेली नाही.