चार बाय दोन

आईला हवी होती बोट.
म्हणजे बोटीची खबर,
फोन हातात घेताच, काही न दाबता,
घड्याळाच्या शेजारी, नातवाच्या फोटोखाली.
बाबा धक्क्याला लागले की नाही, एवढंच.

"तू तेच करतेस ना तिकडे ट्रॉम्सोत?"
हो. तेच करते.

चार घरं रुंद, दोन घरं उंच,
एवढी जागा मिळते.
घरमालक फोन, आपण पोटभाडेकरू.
खिळा मारायचा नाही,
आत काही हलवायचं नाही,
आणि जाग कधी आणायची ते तो ठरवणार.
पंधरा मिनिटांनी उठव, असं सांगून ठेवता येतं.
उठवेलच असं नाही.
बॅटरी उतरलेली असते, नाहीतर
त्याच्या मनात नसतं.

मला लाट दाखवायची होती, हलती.
नाही जमलं.
वाऱ्याचा बाण फिरवायचा होता, तर
आठ दिशांचे आठ बाण काढून ठेवले,
वारा वळला की त्यातला एक डकवायचा.
सरकवून कालचं बघायचं? नाही.
बाबांना दोन शब्द लिहायचे? नाही.
बोटीवर बोट टेकवलं की दार उघडतं
आणि आत सगळं ॲप,
जे आईला नकोच होतं.

नोव्हेंबरात वार्डोला गेले.
दुपारी दोनला मिट्ट काळोख.
ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवलेला फोन,
त्यावर माझी चौकट:
आयलर्ट, समुद्रात. वारा ईशान्येचा.
आणि बाबा खुर्चीत,
ओले पाय शेगडीकडे करून
माशाचं सार भुरकताहेत.

"हे म्हणतंय, तू अजून बाहेर आहेस," आई म्हणाली.
"मग असेन," बाबा म्हणाले. "वाढ आणखी थोडं."

मी मान खाली घातली.
चौकटीच्या तळाशी, करड्या रंगात, कुणी वाचू नये अशी
मी लिहिलेली ओळ होती:
एकेचाळीस मिनिटांपूर्वी.

पहाटे ते पुन्हा गेले.
आई फोनसमोर बसून. मी म्हटलं,
"दाब ना, उघडलं की ताजं होतं."
"नको," ती म्हणाली,
"मी आधी ती खालची ओळच वाचते.
जुनं असलं की मधे जागा राहते.
तेवढ्यात तो वळलेलाही असतो."

ट्रॉम्सोला परतल्यावर
ती ओळ मी करड्याची काळी केली,
दोन मापांनी मोठी.

एवढं करता येतं.