चतुःसीमा

फॉर्म छापील आहे. दिशा चार,
प्रत्येकीपुढे बोटभर कोरी जागा.
सजा शेवरखोल खुर्द, वाड्या नऊ, तलाठी मी,
घाटावरून बदलून आलेला.
आमच्याकडे बांध वीतभर सरकला तरी
कोर्टात तीन पिढ्या जातात.

पूर्वेस सडा, असं लिहिलं.
जांभा, करपलेलं गवत, वाऱ्याला आडोसा नाही.
वर धनगरवाडा : घरं सात,
मतदार यादीत नावं एकोणीस,
नकाशात मात्र त्या जागी 'वरकस', एवढंच.
जानू झोरेनं ताकाचा तांब्या पुढे केला,
म्हणाला, सायेब, आमी नक्की कशात?
मी म्हटलं, यादीत.
त्याला ते पुरेसं वाटलं.
मला ताक गेलं नाही.

उत्तरेस पऱ्ह्या.
होळीनंतर तो नसतो. तरी लिहिला,
गोटे आहेत साक्षीला.

दक्षिणेस खाडी, खाडीपलीकडे बुद्रुक,
तो तालुका वेगळा.
शाळा तिकडे, रेशन इकडे,
दवाखाना तिकडे, मसणवट इकडे.
आजारी माणूस तरीनं जातो
आणि कधी कधी तरीनंच परत येतो, भाडं न देता.
मयताचं घेत नाय मी, म्हणतो रमजान होडेकर.
मध्यावर आला की वल्हं थांबवतो, मला चिडवतो :
भाऊसाहेब, संपली तुमची हद्द.
मी वाकून रेघ शोधतो.
एक बोय उडते.
कुठल्या तालुक्यात पडली
ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.
खारबांध फुटला तेव्हापासून खाडी वळलीय,
गाळ रोज थोडा इकडे येतो,
खुर्द वाढतंय, बुद्रुक झिजतंय,
दप्तरात नावं आहेत तशीच.

राहिली पश्चिम.

पश्चिमेस गट क्रमांक दोनशे बारा,
अठरा आर, भातशेती,
खातेदार भागीरथी शिवा नागवेकर.
अकरा वर्षं तिथे पाणी आहे,
भरतीला कंबरेएवढं, ओहोटीला चिखल.
दर मार्चला ती चावडीवर येते,
पदराची गाठ दातांनी सोडते
आणि शेतसारा टेबलावर मोजते, तीन नाणी,
एकावर एक.
मी म्हटलं, बाय, अर्ज द्या, क्षेत्र कमी करून घेऊ,
सारा भरायला नको.
म्हंजे माजा नाव जाईल?
मी शिक्क्याचं पॅड उघडलं, बंद केलं.
पावती फाड तू,
समिंदर काय सातबारा घेऊन आलाय?

फाडली.

फॉर्म मंडळ अधिकाऱ्यांकडून परत आलाय.
लाल शाईत शेरा :
पश्चिमेस काय, ते स्पष्ट करावे.
म्हणून आज स्थळपाहणी.
बुटांची जोडी बांधावर काढून ठेवली आहे,
जो काही बांध उरलाय त्यावर.
चार वाजता पाणी मागे सरतं,
आणि दोनशे बाराच्या मधोमध
भागीरथीबाई वाकलेली दिसते,
कोयतीनं खडकावरची कालवं फोडताना.
मला बघून हात वर करते,
बोलावते की हाकलते, इतक्या लांबून कळत नाही.

पीकपाहणीच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहितो : कालवं.
अठरा आर.
पश्चिम अजून कोरी.