किरकोळ

इंदूरहून आठला निघायचं ठरलं होतं.
निघालो पावणेदहाला,
कारण विदुलाची गुळपोळी घरी राहिली
आणि ती आणायला गेलेला निनाद
छावणीत पोहे खात उभा राहिला, एकटाच,
जिरावण दोनदा मागून.

अण्णा पुढच्या सीटवर. मांडीवर लाल बांधणीची वही.
छत्तीस वर्षं कापडगिरणीच्या हिशेबखात्यात काढली.
गिरणी गेली, खातं राहिलं.
"९.४५. प्रस्थान. विलंब १ ता. ४५ मि. कारण : पोहे."

मागे अब्बासभाईंची गाडी.
तिच्यात सकीनाभाभी, दोन नातवंडं
आणि हवा न धरणारी एक निळी गादी,
कशाला घेतली, कोणी सांगत नाही.
रतलामकडच्या द्राक्षमळ्यात ठिबकच्या नळ्या
त्यांच्या दुकानातून जातात,
म्हणून हे आमंत्रण.
स्वतः थेंब घेत नाहीत.
"मी फक्त नळीपुरता," म्हणतात.

हातोद. देपालपूर.
गव्हावरून वारा जात होता
ठाणातलं कापड हाताने चाचपत
कोणी पुढे सरकवत जावं तसा.
हे अण्णा नाही म्हणाले, मी म्हणतेय.
अण्णांनी लिहिलं : "चहा ९. साखर जास्त."

गौतमपुऱ्यापुढे चंबळ लागली.
मुलांना डाकू हवे होते.
इथे तर नदी परकऱ्या वयाची,
घोटाभर पाणी, एक म्हैस,
आणि म्हशीच्या पाठीवर विचारात पडलेला बगळा.
"पुढे जाऊन बिघडते," अब्बासभाई म्हणाले.
उतरलोच आहोत तर म्हणून
गुळपोळी तिथेच संपली.
नंतर पाऊण तास कुणाची तरी चप्पल शोधली.
मिळाली नाही.
"चप्पल १ (उजवी)."

बडनगर मागे पडलं आणि शेतं पांढरी झाली.
"खसखस," विदुला म्हणाली, अनारसे डोळ्यांपुढे आणून.
"अफू," निनाद म्हणाला.
दोघंही बरोबर.
कुंपणाला जुनी लुगडी, मध्ये खाटेवर एक राखणदार.
पोपट येतात म्हणे, बोंडं फोडतात,
मग घरी जायचं विसरतात.
अण्णांनी काच खाली केली. लसणीच्या वाफ्यांचा वास आत आला.
काहीच लिहिलं नाही.
मी पाहिलं.

मळ्यात पोचलो तोवर उन्हं उतरलेली.
घड अजून अर्धे वेलीवर होते.
भेरूलाल एकेक ओळ दाखवत चालला,
आम्ही घाई केली की थांबायचा,
"जल्दी कंई है, बासाब?"

मग ती गार खोली, ते पिंप,
आणि अण्णांच्या हातात चार बोटं तांबडं.
एक्याऐंशी वर्षांत पहिलं.
विदुलाने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.
त्यांनी आधी प्रकाशात धरलं,
ठाणाचा पक्का रंग तपासावा तसं. मग हुंगलं.
"सहा नंबरचा हौद," म्हणाले.
"रंगखातं. शनिवारी धुवायचे तेव्हाचा."
आणि प्यायले.

बाहेर दोन ओळींच्या मध्ये
निळ्या गादीला शेवटी काम मिळालं.
अण्णा त्यावर आडवे. उजव्या कुशीवर नातू, अब्बासभाईंचा.
सकीनाभाभी द्राक्षं पुसून पुसून खात होत्या.
सूर्य पानांमधून तुकड्या-तुकड्याने उतरत होता,
शेवटचा तुकडा वहीवर पडला,
वही मिटलेली.

बुधवारी दुपारी त्यांनी अब्बासभाईंना फोन लावला.
"साडेपाच ते सहा-दहा. चाळीस मिनिटं लागत नाहीत.
आपण काय करत होतो?"

पलीकडून अब्बासभाई बराच वेळ बोलले.
अण्णा हूं म्हणत राहिले,
मध्येच हसले, चष्मा काढला, पुसला.

मी चहा ठेवायला गेले तेव्हा पान उघडं होतं.
आकडे सगळे जुळलेले, खाली दोन रेघा.
चाळीस मिनिटं त्यांनी टाकली होती
शेवटच्या रकान्यात,
टाचण्या, सुतळी, पोस्टाची तिकिटं जातात तिथे :
"किरकोळ."