कॉट नंबर तीन

लातूरच्या ट्यूशन एरियात, तिसऱ्या मजल्यावर,
प्लायवूडच्या भिंतीपलीकडं कुणीतरी
पेशीची अंगं घोकतंय, रात्रीचे पावणेतीन.
भिंतीच्या अलीकडं मी. माझ्या कॉटखाली
सोळा कोरचं जुनं यंत्र घरघरतंय
आणि कर्नल पडत नाहीये.

पडावा म्हणून नऊ दिवस वाट बघतेय.
जोडणी उघड, मिट, उघड, मिट,
चौदा लाख वेळा नीट.
मग एकदाच, मी चहा आणायला गेले की,
पडद्यावर पत्त्यांचा ढीग, सोळा सोळा आकडी,
त्यातला एक पत्ता असा
जिथं आता कुणी राहत नाही.

बघायला म्हणून मधे एक ओळ छापली
तर दोष गप्प.
ओळ काढली, हजर.
(छापायला लागतो तेवढा वेळ पुरतो त्याला सावरायला.
दारात पाहुणा दिसला की आमचे दोघे काका
असेच भांडायचे थांबत.)

कागदावर दोन रेघा ओढल्या. दोन कोर.
पहिला म्हणतो : सॉकेट मिटलं, मोजणी शून्य, जागा परत.
दुसऱ्याकडं त्याच क्षणी टायमर वाजतो :
उत्तर आलं नाही, पुन्हा पाठवा.
पहिल्यानं टायमर रद्द केला होता. केला होता हो.
पण तोवर तो वाजायला लागलेला,
आणि वाजायला लागलेला गजर
नुसतं रद्द म्हणून थांबत नाही.
दोन ओळींमधली एवढीशी फट.
सुई शिरणार नाही तिच्यात,
मी नऊ दिवस तिथंच राहतेय.

दर गुरुवारी साडेसातला उदगीरची गाडी येते.
खालच्या मेसमधला मुज्जमिल
कंडक्टरकडून एक पिशवी सोडवून आणतो,
डब्यांबरोबर वर चढवतो,
कॉट नंबर तीनवर ठेवतो :
धपाटे, शेंगांची चटणी, कधी दोन पेरू.
वर पेननं, जोर देऊन गिरवलेलं : मन्मथ.

मन्मथनं कॉट सोडून दीड महिना झाला.
पुण्यात कुठल्या गोदामात आहे म्हणे.
घरी सांगितलं नाही, एवढं नक्की.
तीनवर आता कंधारचा पोरगा.
"खाऊलालो की ताई. मला काय म्हाईत कुणाचं हाय.
माझ्या कॉटवर ठिवलं, मी खाल्लं."
बरोबर आहे त्याचं.
मेमरीची जागाही असंच म्हणते.

इतके दिवस टायमरवर चिडत होते.
शुक्रवारी पहाटे कळलं, त्याचं काही चुकत नाही.
सांगितल्या वेळी सांगितल्या पत्त्यावर जातो बिचारा.
चुकलं ते अकरा वर्षांपूर्वी कुणाचं तरी :
गजर लावताना जागा धरून ठेवली नाही.
एक हात लागत होता फक्त.
मोजणी एकानं वाढव,
वाजून झालं की सोड.

दोन ओळी लिहिल्या. बांधलं, चालवलं.
चौदा लाख. वीस. साठ.
टँकरचा पाइप सरपटत गच्चीवर निघाला,
पोरं बादल्या घेऊन रांगेत,
माझं यंत्र अजून उभं.

ओळी तपासणाऱ्या देगलूरकर बाईंनी
कौतुक वगैरे केलं नाही.
एकच विचारलं : गजर वाजायच्या आधीच रद्द झाला,
तर धरलेला हात कोण सोडणार?

मी गप्प.
तसं झालं तर ती जागा
कधीच रिकामी होणार नाही.
कुणी राहत नसताना
कुणाच्या तरी नावानं अडून राहील.
तिसरी ओळ लिहायला पूर्ण दिवस गेला.

या गुरुवारी मुज्जमिलच्या आधी मीच स्टँडवर.
कंडक्टर म्हणाला, मन्मथच्या कोण तुम्ही?
कुणी नाही, द्या इकडं.
पिशवी तळाशी अजून कोमट होती,
आणि धपाट्यांच्या कागदावर एक फोन नंबर,
तेलानं शेवटचे दोन आकडे फुटलेले.

रिक्षा केली नाही. चालत निघाले.
वर कंधारचा पोरगा
हात धुऊन बसला असेल.