भूमिका आणि परवानग्या

बाणेरहून नाना पेठेत यायला सव्वा तास लागला,
आणि भोकरेबाई म्हणाल्या, बसा,
तुमचा नंबर अकरावा.
मी पेशंट नाही हो, मी सॉफ्टवेअरवाली.
तरी अकरावाच.

अकरा नंबर होईपर्यंत जे पाहिलं ते असं:
फुलस्केप रजिस्टर, पाठीला चिकटपट्टी,
नावं शाईनं, कडेला पेन्सिलीच्या खुणा.
त्रिकोण म्हणजे वेल्ह्याकडचा, परतीची एसटी दीडची,
त्याला बारापर्यंत मोकळं करायचं.
आडवी रेघ म्हणजे ऐकू येत नाही,
हाक मारू नका, जवळ जाऊन खांद्याला हात लावा.
आणि ठिपका?
ठिपक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मी लॅपटॉपवर चौकोन काढले.
वेळ दिली, आला, आत गेला, बाहेर आला, पैसे भरले.
बाणांनी जोडले. एक बाण बाजूला: आला नाही.
भोकरेबाईंनी चष्मा वर केला.
छान आहे, म्हणाल्या. पण ‘आलाय, वर यायला घाबरतोय,
खाली रसवंतीपाशी उभा आहे’
हे कुठल्या चौकोनात टाकायचं?

मग भूमिका.
डॉक्टर, सिस्टर, रिसेप्शन, बिलिंग, अ‍ॅडमिन.
कोणाला काय दिसेल, कोण काय बदलेल,
बरोबरच्या खुणा, फुल्या.
इंदुबाई ओव्हाळ फरशी पुसत पायांशी आल्या,
मी पाय वर घेतले
आणि लिहिलं: मावशी, लॉगिन नको.

रात्रपाळीला एकदा थांबले.
सिस्टर जिन्सीचे दोन्ही हात एका पोराच्या मांडीवर दाबलेले,
हातमोजे लाल, स्क्रीन थांबलेली.
इंदुबाई, एंटर दाबा!
इंदुबाईंनी पदराला बोट पुसलं आणि दाबलं.
दाखल: अकरा सत्तेचाळीस. नोंद करणार: जिन्सी.
ते बोट माझ्या तक्त्यात कुठल्याच ओळीत नाही.
मी दोनदा ओळ वाढवली, दोनदा काढली.

ठिपक्याचं डॉक्टर निसळांनी सांगितलं,
जिन्यात, गाडीची किल्ली शोधता शोधता.
ठिपका असला की मी फी घेत नाही.
भोकरेबाईंना चप्पल बघून कळतं.
मी म्हटलं, करू की, ‘सवलत’ असा रकाना,
मंजुरी तुमची, बिलिंगला फक्त
नको, ते म्हणाले.
तुम्ही कारण विचाराल. कारणांची यादी द्याल, एक निवडा म्हणाल.
मग कोणीतरी एक दिवस म्हणेल,
ठिपकेवाल्यांची नावं काढा जरा.
पेन्सिल आहे तेच बरं. महिनाअखेरीस त्या खोडतात.
किल्ली खिशातच होती.

सोमवारी सुरू झालं.
मेसेज गेले: आपली वेळ दहा पंधरा.
नामदेव रेणुसे सात पन्नासलाच जिन्यात बसलेले,
मेसेज मुलाच्या फोनवर, मुलगा चाकणला पाळीत.
स्क्रीनवर ते अजून ‘यायचे आहेत’.
इंदुबाईंनी त्यांना पाणी दिलं.
याचीही नोंद नाही, आणि मी ती मागितली नाही.

माझ्या कागदात बहात्तर गरजा आहेत, क्रमांक घालून.
डॉक्टरांनी प्रत्येक पानावर सही केली,
त्रेसष्टावी वाचली असेल असं वाटत नाही:
रोजची यादी सकाळी साडेसातला छापावी.
उजवीकडे एक इंच जागा कोरी. मथळा नको.

आमचा टेस्टर पोरगा म्हणाला, इथे काय येणार?
काही नाही.
मग तपासू काय?
हेच, की काही येत नाही.

भोकरेबाईंनी पहिली यादी प्रिंटरमधून ओढली,
कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला,
आणि ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या मागे,
शार्पनर शोधायला लागल्या.