सात-पंचवीसची फेरी

दिवाडीच्या धक्क्यावर बोटीचा पत्रा आपटतो
आणि सगळ्या स्कूटर एकदम खाकरतात.
मी थांबते, धूर निवळू देते.
रुझार दोर सोडता सोडता म्हणतो,
"बाय, तुजे गाडयेक आवाजच ना,
तूं चडलीस काय उरलीस, कळना."

बावन्नाव्या वर्षी शिकले.
चर्चमागच्या मैदानात, भाच्याच्या सायकलवर,
तिन्हीसांजेला, कुणी बघू नये म्हणून.
अर्ध्या गावाने बघितलं.

रिबंदरहून पणजीपर्यंत रस्ता सरळ,
डावीकडे मिठागरं, उजवीकडे मांडवी.
सकाळी वारा पडलेला असतो,
फक्त साखळी बोलते.
खारफुटीतला बगळा माझ्याकडे बघतो, उडत नाही.
बसमधून वीस वर्षं गेले या वाटेने,
तेव्हा तो नव्हताच
की मीच मान खाली घालून पासाचे सुटे मोजत होते?

ट्रेझरीत सायकलला जागा नाही.
कायतान वॉचमन ती बदामाच्या बुंध्याला बांधतो,
म्हैस बांधावी तशी.
"पेट्रोल परवडेना वाटतं?" शिरोडकर विचारतात,
गाडी लावायला जागा शोधत तीन गल्ल्या फिरून आलेले,
शर्ट पाठीला चिकटलेला.
"नाही हो, गुडघे स्वस्त झाले."

साडीच्या काठाला ग्रीस लागतं.
खोबरेलाने निघतं. बहुतेक.

काल सुटल्यावर बदामाखाली शिरोडकर उभे होते.
इकडेतिकडे बघून, हळूच,
सीट दाबून पाहत म्हणाले,
"ही... जरा खाली करता येते का?"